गोणपाटावरचे १०० दाणे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शेतीचा प्रत्यक्ष तास सुरू करायचे ठरले, तेव्हा पालकसभेत एका वडिलांनी उभे राहून विचारले, "वावरातच राबवाचं होतं, त आमी पोराले शायेत कायले धाडलं, सर?" हा प्रश्न मला तेव्हा रास्त वाटला आणि आजही वाटतो. ज्या मुली सुट्टीच्या दिवशी आईबरोबर निंदणाला आणि कापूस वेचायला जातात, जी मुले डवऱ्यामागे चालतात, त्यांच्या हाती शाळेने पुन्हा खुरपे द्यावे, यात शिक्षण कोणते? म्हणून आम्ही सुरुवातीलाच ठरवले की या तासाला मजुरीचे काम होणार नाही. मोजण्याचे, तपासण्याचे आणि नोंदवण्याचे काम होईल.

आमच्या शेजारच्या वर्ध्यातच ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला होता. त्या विचारात हस्तोद्योग हा इतर विषयांना जोडलेला जादा विषय नव्हता, तर गणित, विज्ञान आणि भाषा शिकण्याचे ते माध्यम होते. याचा खरा अर्थ मला सोयाबीनच्या दाण्यांनी समजावला.

परीक्षा आटोपल्यावर आणि उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी प्रत्येक मुलाने घरी बियाण्यासाठी राखून ठेवलेल्या सोयाबीनचे मूठभर दाणे आणायचे, असे ठरले. दाणे निवडून घ्यायचे नाहीत, पोत्यात हात घालून येतील तसे घ्यायचे, हे आम्ही बजावून सांगितले, कारण चांगले दाणे वेचून आणले तर चाचणीच खोटी ठरते. ओल्या गोणपाटावर १० दाण्यांच्या १० ओळी मांडून, वर दुसरे ओले गोणपाट पसरून मुलांनी गुंडाळ्या केल्या आणि त्या व्हरांड्यात सावलीला ठेवल्या. एप्रिलचे ऊन असे की गोणपाट दुपारपर्यंत कोरडे पडत असे; त्यामुळे पाणी शिंपडण्याच्या पाळ्या लावाव्या लागल्या. सातव्या दिवशी गुंडाळ्या उघडल्या, तेव्हा एका मुलीच्या गोणपाटावर १०० पैकी ६० दाण्यांनाच सशक्त कोंब आले होते.

तिचा चेहरा उतरला, पण त्या दिवसाचा धडा तिच्याच गोणपाटावर झाला. बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते आणि तेवढी असल्यास एकरी ३० किलो बियाणे लागते. मग ६० टक्के उगवणीला किती लागेल? व्यस्त प्रमाण सातवीच्या पुस्तकात आहेच. मुलांनी ३० ला ७० ने गुणून ६० ने भागले आणि ३५ किलो हे उत्तर फळ्यावर आले. उगवण कमी का झाली, याचाही शोध घेतला. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल नाजूक असते. मळणी यंत्राचा वेग अधिक ठेवला, पोती आदळली किंवा थप्पी उंच रचली की आतला अंकुर दुखावतो. मुलीने घरी जाऊन आकडा सांगितला आणि त्यांच्या वावरात पेरणी ३५ किलोच्या हिशेबाने झाली.

मातीची चाचणी याहून सोपी आहे. बाटलीत माती आणि पाणी घालून हलवले की वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ काही तासांनी बसतो आणि आपल्या काळ्या जमिनीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहते. चिकणमातीचे ते बारीक कण ओलाव्याने फुगतात आणि वाळल्यावर आकसतात, म्हणूनच उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात. या भेगा मुलांनी जन्मापासून पाहिल्या होत्या. त्यांचे कारण मात्र त्यांना त्या बाटलीत दिसले.

एका बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. फवारणीचा पंप किंवा औषधाचा डबा या तासाला कधीही येत नाही. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि त्या दुःखाची झळ लागलेली घरे आमच्या आसपास आहेत. मुलांना आम्ही डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग चित्रावरून शिकवतो: लाल सर्वांत घातक, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. लाल त्रिकोण ओळखणारे मूल वडिलांना थांबवू शकते, असा माझा विश्वास आहे.

सर्वांत जुनी नोंदवही विहिरीची आहे. भूजल विभाग जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत निरीक्षण विहिरींची पातळी मोजतो. आम्हीही तेच महिने धरून, गुरुजनांच्या उपस्थितीत, दगड बांधलेली दोरी सोडून शाळेजवळच्या विहिरीतले पाणी काठापासून किती खोल आहे, ते मोजतो. मे महिन्यात शाळा बंद असते, त्यामुळे ती नोंद विहिरीशेजारी राहणारी आठवीतली एक मुलगी वडिलांना सोबत घेऊन करत असे. यंदा ती नववीसाठी दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. जाण्यापूर्वी तिने मीटरमीटरवर गाठी मारलेली ती दोरी सातवीतल्या मुलीच्या हाती दिली आणि ओली झालेली खूण सुकण्याआधीच वाचायची असते, हे तिला दोनदा करून दाखवले.