‘बर्फ पडायचा का?’ : श्रोत्यांच्या प्रश्नांचा भाग करताना

दोन वर्षांपासून मी आणि माझा मावसभाऊ व्हिडिओ गेमविषयी मराठीत एक पॉडकास्ट करतो. आमच्यापैकी कुणीही या धंद्यातला नाही. मी पुण्यात एका पतसंस्थेचे हिशेब तपासतो आणि तो एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा सांभाळतो. दर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, त्याच्या घरातल्या कपाटाचे दार उघडे ठेवून (लटकलेले कपडे आवाजाचा घुमारा शोषून घेतात, एवढीच आमची ध्वनिव्यवस्था) आम्ही तासभर बोलतो. पन्नासावा भाग जवळ आला, तेव्हा तो संपूर्ण भाग श्रोत्यांच्या प्रश्नांना द्यायचा असे ठरले. हा सर्वांत कमी मेहनतीचा भाग ठरेल, अशी माझी समजूत होती. विषय शोधायचा नाही, टिपणे काढायची नाहीत. लोक विचारतील आणि आपण सांगू. प्रत्यक्षात १० ऑगस्ट २०२५ रोजी आम्ही प्रश्न मागवले आणि तो भाग लोकांपर्यंत पोचायला सहा आठवडे गेले.

महिनाअखेरपर्यंत ९४ प्रश्न आले, त्यांपैकी २१ व्हॉइस नोटच्या रूपात होते. मी सवयीने एक तक्ता केला आणि प्रत्येक प्रश्नापुढे ‘घ्यावा’, ‘लेखी उत्तर द्यावे’ आणि ‘सोडावा’ असे तीन रकाने आखले. सर्वांत मोठा गठ्ठा ‘साठ हजारांत कोणता लॅपटॉप घ्यावा’ या जातीचा निघाला. अशी उत्तरे दोन महिन्यांत शिळी होतात, म्हणून ती भागात घेऊ नयेत असे माझे मत होते. भाऊ म्हणाला की लोकांना खरे तर तेवढेच हवे असते. अखेर ती उत्तरे लेखी पाठवायची जबाबदारी त्याच्यावर पडली आणि ती त्याने, माझ्या माहितीप्रमाणे, अजून पूर्ण केलेली नाही.

दुसरा गठ्ठा आम्ही मागवला नव्हता, तो परिस्थितीने आणून दिला. २० ऑगस्टला लोकसभेने आणि २१ तारखेला राज्यसभेने ऑनलाइन गेमिंगविषयीचे विधेयक मंजूर केले, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, आणि त्या आठवड्यात आमच्याकडे आलेला जवळजवळ प्रत्येक प्रश्न एकच होता : ‘आता बीजीएमआय बंद होणार का?’ (बीजीएमआय म्हणजे पबजी मोबाइल या गोळीबाराच्या गेमची भारतीय आवृत्ती.) बाहेरच्या माणसाला ही भीती भाबडी वाटेल. पण ज्यांनी २०२० साली पबजी मोबाइल बंदीमुळे जाताना पाहिला, २०२१ च्या जुलैमध्ये त्याच्या जागी बीजीएमआय येताना पाहिला, पुढच्याच वर्षी जुलैअखेरीस तोही ॲप-स्टोअरमधून अदृश्य झालेला पाहिला आणि २०२३ च्या मे महिन्यात तो परत आल्यावर मिठाई वाटली, त्यांना ‘बंद’ या शब्दाचा धसका असणे स्वाभाविक आहे. उत्तर सरळ होते : नाही. कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे; ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, हा त्याने वेगळा आणि मान्य प्रकार धरला आहे. तरीही हे उत्तर लिहून काढायला आम्हाला एक अख्खी संध्याकाळ लागली, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यात रमी, लुडो, फँटसी क्रिकेट आणि बीजीएमआय हे सगळे ‘गेम’ या एकाच शब्दाखाली गोळा झालेले होते. आधी तो शब्द सोडवावा लागला, मग कायदा.

तोवर माझी पद्धत अशी होती की प्रश्न वाचायचा, त्यातली माहितीची मागणी ओळखायची आणि ती माहिती शोधायची. ही पद्धत पहिल्यांदा अडखळली ती एका आईच्या प्रश्नापाशी. त्यांनी बीजीएमआयविषयी लिहिले होते, ‘दादा, एक मॅच किती वेळाची असते?’ भावाने तक्त्यात लगेच भरले : ‘शेवटपर्यंत टिकल्यास साधारण अर्धा तास.’ उत्तर चुकीचे नव्हते. परंतु गेमविषयीच्या पॉडकास्टला कुणाची आई इतका कोरडा प्रश्न का विचारेल, हे मला कळेना, म्हणून मी त्यांना उलट विचारले, ‘ताई, हे कशासाठी हवे आहे?’ मग सगळे बाहेर आले. मुलगा रोज रात्री जेवायला हाक मारली की ‘एवढीच मॅच’ म्हणतो. कधी तो पाच मिनिटांत उठतो, कधी अर्ध्या तासाने, आणि तो खोटे बोलतो असे घरात सर्वांचे मत झाले आहे. आता उत्तराचा पोतच बदलला. मोठ्या नकाशावर शंभर जण उतरतात. दुसऱ्या मिनिटाला गोळी लागली तर मॅच तिथेच संपते, शेवटच्या दहांत राहिले तर अर्धा तास जातो, आणि समोर दुसरी माणसे खेळत असल्यामुळे ती मधेच थांबवता येत नाही. मुलाला स्वतःलाही ठाऊक नसते की ती किती चालेल. तेव्हा हाक मॅचच्या मध्यावर न मारता, ती सुरू होण्याआधी ‘आता नवीन लावू नकोस, पोळ्या टाकतेय’ असे सांगणे उपयोगाचे, एवढेच आम्ही सुचवले. त्यांना मिनिटांचा आकडा नको होता, मुलावर विश्वास ठेवावा की नाही हे हवे होते.

यानंतर मी तक्त्यात चौथा रकाना वाढवला : ‘परत विचारावे’. भावाला तो वेळखाऊ वाटला. त्याचे म्हणणे असे की ९४ माणसांशी पत्रव्यवहार करायला आपण काही तलाठी कार्यालय नाही.

उत्तरे पडताळण्यासाठी आम्ही एक नियम केला होता : जे सांगायचे ते एकतर स्वतः गेममध्ये पाहिलेले असावे, नाहीतर एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन ठिकाणी सापडलेले असावे. या नियमाने बऱ्याच प्रश्नांची लवकर वासलात लागली. ‘क्रिकेट ०७ नंतर ईएने क्रिकेटचा गेम का काढला नाही’ असे तिघांनी विचारले होते (ईए म्हणजे तो गेम काढणारी कंपनी). कारणमीमांसा टाळून आम्ही एवढेच सांगितले की २००६ च्या नोव्हेंबरात आलेला तो त्यांच्या क्रिकेट मालिकेतला शेवटचा, आणि आजही तो जिवंत आहे तो हौशी लोकांनी त्यात नवे गणवेश आणि नवे संघ भरत राहिल्यामुळे. लातूरच्या एका श्रोत्याने व्हाइस सिटी या गेममधल्या चीट कोडविषयी (टाइप केला की खेळाडूला फायदा देणारा छुपा शब्द) एक गमतीचा प्रश्न पाठवला : जीव भरण्याचा कोड अ‍ॅस्पिरिन या औषधाच्या नावाचा, तर त्याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी जादा ‘ई’ का? जादा ‘ई’ आहे, हे खरे. नेट कॅफेत ताशी वीस रुपये मोजून तो कोड पाठ केलेली आमची पिढी औषधाच्या दुकानातही तो ‘ई’ लिहिते; मी स्वतः गेल्या वर्षी लिहिला.

अबू धाबीहून एका श्रोत्याने पुण्यात तयार झालेला एखादा मोठा गेम आहे का, असे विचारले. उत्तर दोघांनाही ठाऊक होते : ‘राजी’, आपल्या गोलू नावाच्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची कथा, नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओची. वाद तारखेवर झाला. भाऊ म्हणाला ऑगस्ट २०२०, मी म्हणालो ऑक्टोबर, आणि दोघांनीही आपण तो विकत घेतल्याचा दिवस पक्का आठवतो अशी शपथ घेतली. पडताळणीत दोघेही बरोबर ठरलो. तो गेम ऑगस्टमध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि बाकीच्या यंत्रांवर ऑक्टोबरात. भावाकडे स्विच आहे, माझ्याकडे संगणक. ही किरकोळ गोष्ट सांगण्याचे कारण पुढे आहे.

सांगलीच्या एका गृहस्थांचा काँट्रा या जुन्या गोळीबाराच्या गेमविषयीचा प्रश्न चार शब्दांचा होता : ‘काँट्रामध्ये बर्फ पडायचा का?’ भावाने त्यापुढे लिहिले, ‘हो, पाचवी स्टेज बर्फाची आहे. सोडावा.’ मीही मान डोलावली. दोन दिवसांनी तक्ता पुन्हा चाळताना माझी नजर ‘पडायचा’ या क्रियापदावर अडली. बर्फ ‘होता का’ असे त्यांनी विचारले नव्हते. पाचव्या स्टेजमध्ये जमिनीवर बर्फ असतो हे ज्याने काँट्रा एकदाही पुढपर्यंत खेळला आहे त्याला ठाऊक असते. मग पन्नाशीला आलेला माणूस ते का विचारेल? परत विचारावे, या रकान्यात मी तो प्रश्न सरकवला आणि त्याच रात्री सात मिनिटांची व्हॉइस नोट आली. त्यांच्या लहानपणी घरी सामुराई नावाचा व्हिडिओ गेम (टीव्हीला जोडायचे यंत्र) होता, समोरच्या वाड्यातल्या मित्राकडे दुसऱ्या कुठल्याशा बनावटीचा. मित्र शाळेत सांगायचा की आमच्या काँट्रात बर्फ भुरभुरताना दिसतो आणि पहिल्या स्टेजमधली झाडे वाऱ्याने हलतात. यांच्या कॅसेटमध्ये असे काहीही होत नसे. मित्राच्या घरी जाऊन पाहण्याचा योग आला नाही, कारण त्याचे वडील टीव्हीला हात लावू देत नसत. ‘मी वर्गात त्याला थापाड्या म्हणायचो,’ ते म्हणाले, ‘आणि ते नाव त्याला दहावीपर्यंत चिकटले.’

आम्ही काँट्राच्या जपानी आणि अमेरिकी आवृत्त्या खेळतानाची चित्रणे शेजारी शेजारी लावून पाहिली. मित्र खरे बोलत होता. १९८८ साली जपानमध्ये आलेल्या काँट्राच्या कॅसेटमध्ये काँट्रा काढणाऱ्या कोनामी कंपनीने स्वतः बनवलेली एक जादा चिप घातली होती. तिच्यामुळे झाडांची पाने हलतात, पाचव्या स्टेजमध्ये बर्फ पडतो आणि दोन स्टेजच्या मध्ये नकाशा दिसतो. अमेरिकेत गेलेल्या कॅसेटमध्ये ती चिप नव्हती, त्यामुळे ही हालचाल गाळली गेली. आपल्याकडची सामुराई, मीडिया वगैरे यंत्रे ही निन्टेन्डोच्या जपानी यंत्राच्या नकला होत्या, आणि त्यांच्या कॅसेट बनवणाऱ्यांनी जी आवृत्ती हाती लागली ती भरली. त्यामुळे एकाच गल्लीत समोरासमोर दोन वेगवेगळे काँट्रा नांदणे सहज शक्य होते. ‘राजी’च्या तारखेसारखेच झाले; फरक एवढाच की आमचा वाद चहा संपायच्या आत मिटला होता.

ध्वनिमुद्रण गणपतीमुळे लांबले. ६ सप्टेंबरला विसर्जन, पुण्यातली मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते, आणि आमच्या चौकातले स्पीकर उतरायला आणखी दोन दिवस लागतात. म्हणून १४ तारखेचा रविवार धरला. व्हॉइस नोट प्रत्यक्ष ऐकवायच्या, असे ठरले होते. त्यांचे आवाज कुठे दबके, कुठे कर्कश. ते एका पातळीवर आणण्यात दोन रात्री गेल्या. त्यांत एका अकरा वर्षांच्या मुलाचा प्रश्न होता, म्हणून आधी त्याच्या वडिलांची परवानगी घेतली आणि गावाचा उल्लेख काढला. त्याला विचारायचे होते की मारिओमधले ढग आणि झुडपे सारखी का दिसतात. दोन्ही एकच चित्र आहे, वरचे पांढऱ्या रंगात आणि खालचे हिरव्या. १९८५ सालचा तो अख्खा गेम सुमारे ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता, म्हणून जागा वाचवावी लागे. त्याने हा प्रश्न ज्या अर्ध्या मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये विचारला, ती त्या गेमपेक्षा मोठी होती, हे सांगितल्यावर तो पलीकडून बराच वेळ हसत होता, असे त्याच्या वडिलांनी नंतर कळवले.

चूक झाली ती मात्र जिथे आम्ही सर्वांत निर्धास्त होतो तिथे. बंदीचा इतिहास सांगताना भाऊ ओघात म्हणाला, ‘टिकटॉकबरोबर पबजीही गेला’, आणि मी ‘हो ना’ म्हटले. हे वाक्य टिपणात नव्हते, त्यामुळे आमच्या नियमातून सुटले. भाग २१ सप्टेंबरला प्रसिद्ध झाला आणि दुपारपर्यंत एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने लिहिले की टिकटॉकवर बंदी आली ती २९ जून २०२० रोजी, ५९ ॲपच्या यादीत; पबजी मोबाइल गेला २ सप्टेंबरला, ११८ ॲपच्या यादीत. तिला तारीख लक्षात होती, कारण मधल्या दोन महिन्यांत ती रोज भावंडांबरोबर खेळली होती. भावाचे म्हणणे होते की ते वाक्य गुपचूप कापून फाइल बदलावी. मी नको म्हणालो. ज्यांनी ऐकले त्यांच्या कानात ते राहणारच होते. अखेर मूळ वाक्य तसेच ठेवून त्यानंतर माझ्या आवाजात दुरुस्ती जोडली आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला ती पुन्हा सांगितली.

प्रश्न पाठवण्याच्या अर्जात आता आम्ही एक ओळ घातली आहे : ‘हा प्रश्न तुम्हाला कुठे पडला, तेही दोन वाक्यांत लिहावे.’ पुष्कळ जण ती रिकामी सोडतात.

सांगलीच्या गृहस्थांनी तो भाग आपल्या मित्राला पाठवला. तो आता नाशिकला असतो. त्याने ऐकून त्यांना काय उत्तर दिले ते मला कळले नाही. पण पुढच्या आठवड्यात त्याचाच एक प्रश्न थेट आमच्याकडे आला आणि नव्या तक्त्यात पहिल्या ओळीवर आहे : ‘आमच्या कॅसेटवर ९९९९ गेम असे छापलेले असायचे, त्यांतले खरे किती?’ त्यापुढच्या उत्तराच्या रकान्यात मी अजून काही भरलेले नाही. आधी ती कॅसेट त्यांच्याकडे अजून आहे का, एवढे विचारून ठेवले आहे.