आमची वाटचाल : पिकलेल्या चाराची वाट पाहताना

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी श्रीखंडावर आणि बासुंदीत चारोळी घालण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. सियागंजातून पुडी आणायची, निवडायची आणि डब्यात भरून ठेवायची, एवढीच चारोळीची आम्हाला ओळख होती. ज्या झाडाला ती येते तो चार मात्र मी वयाच्या तिशीपर्यंत पाहिलेला नव्हता, आणि आमचा धंदा झाडांचाच असल्यामुळे याची खंत मला अधिक वाटते. वडील बंगल्यांच्या बागा करून देत असत. हिरवळ, गुलमोहर, शोभेची पामझाडे, जे मागितले जाई ते लावले जाई. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आहे हे तेव्हा कोणी विचारीत नव्हते आणि आम्हीही सांगत नव्हतो.

वडिलांच्या मागे मी आणि माझ्या धाकट्या भावाने खंडवा रस्त्यावर सिमरोलजवळ थोडी जमीन घेऊन केवळ विंध्याच्या घाटातील झाडांची रोपवाटिका काढायचे ठरवले. धावडा, सालई, अंजन, तिवस, बिवळा, मोहा आणि चार ही झाडे इंदूरपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर उभी असताना त्यांची रोपे शहरात विकत मिळू नयेत, हे आम्हाला पटत नव्हते. अडचण बियांची होती. म्हणून बडवाह आणि उदयनगरच्या बाजूच्या पाड्यांत, ज्यांना तिकडे फलिया म्हणतात, आम्ही निरोप धाडला की चाराच्या गुठल्या, म्हणजे फळातल्या टणक बिया, आम्ही किलोच्या भावाने घेऊ आणि व्यापाऱ्यापेक्षा जास्त देऊ.

हा आमचा निर्णय चुकीचा होता. पोती भरभरून गुठल्या आल्या, आम्ही 2,000 पिशव्या भरल्या आणि त्यांतून 150 रोपेही उगवली नाहीत. गुठल्या फोडून पाहिल्या तेव्हा आतला गर सुरकुतलेला, चपटा आणि फिकट निघाला. फळ पिकण्याआधीच तोडले गेले होते. चाराला साधारण जानेवारीपासून मोहोर येतो आणि फळ काळे पडून पिकायला एप्रिल-मे उजाडतो. आमच्याकडे आलेला माल मार्चमधला होता. आम्ही जंगलात गेलो तेव्हा त्याहून वाईट दृश्य दिसले : उंचावरची फळे हाती यावीत म्हणून फांद्याच्या फांद्या कुऱ्हाडीने उतरवलेल्या होत्या. ज्या झाडाची रोपे करायला आम्ही निघालो होतो, त्याच झाडाच्या फांद्या आमच्या वाढीव भावाने तोडवल्या होत्या.

त्या फलियातील एका वयस्क बाईंना सगळे काकी म्हणतात. मी त्यांना विचारले की हिरवे फळ का तोडता, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “ताई, पिकेपर्यंत मी थांबले तर दुसरा तोडून नेईल. आणि होळीला घरात मीठ-तेल कुठून आणायचे?” या दोन वाक्यांत संपूर्ण प्रश्न होता. झाडाचे मोल त्यांना माझ्यापेक्षा शतपटीने कळत होते. परंतु झाड सगळ्यांचे असताना एकट्याने थांबणे परवडत नव्हते, आणि होळीच्या आधी उचल देणारा व्यापारी ती कच्च्या मालावरच फेडून घेत होता.

2006 च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारी उपज, गोळा करणाऱ्यांना त्या उपजेची मालकी, वापर आणि विक्री यांचा हक्क दिला आहे, आणि जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेलाही दिला आहे. आम्ही ग्रामसभेपुढे दोन गोष्टी ठेवल्या : होळीपूर्वी अर्धी रक्कम आम्ही बिनव्याजी देऊ, आणि गुठली वजनावर न घेता पिकलेल्या फळाचीच घेऊ. आखातीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी कोणी चाराला हात लावायचा नाही आणि झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, हा ठराव मात्र त्यांनी स्वतः केला, तारीखही त्यांचीच.

यानंतर खरे शिक्षण आमचे झाले. पिकलेली फळे रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी गोणपाटावर चोळली की साल सुटते, तरंगणारी फळे टाकून द्यायची आणि बुडालेल्या गुठल्या सावलीत वाळवायच्या, एवढे पुस्तकातूनही कळले असते. पण गुठलीचे कवच इतके टणक असते की ते उघडल्याशिवाय कोंब सहजी बाहेर येत नाही, आणि आमच्या माळ्यांनी हातोडी मारली की गराचा चुरा होई. काकी आणि त्यांच्या सुना सपाट दगडावर गुठली तिच्या शिवणीवर उभी धरतात, बोटांनी तिचा कल जोखतात आणि लहानशा हातोडीचा एकच हलका ठोका देतात. शिवण नखाएवढी उघडते, गराला ओरखडाही उठत नाही. आयुष्यभर चारोळी काढणाऱ्या हातांचे हे कसब आहे. आता दर वर्षी मे महिन्यात या बायका आमच्या रोपवाटिकेत येऊन हे काम करतात, त्याचा रोज माळ्याच्या रोजाइतकाच ठेवला आहे, आणि आमची बहुतेक चाराची रोपे त्या ठोक्यावर उभी आहेत.

मोह्याच्या बाबतीतही असेच काही शिकलो. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि त्या आगीत मोह्याची कोवळी रोपे जातात. आम्ही झाडाखाली बांधायला जाळ्या दिल्या. फूल मातीत पडत नाही, स्वच्छ राहते आणि भावही चांगला मिळतो. मोह्याचे बी फार दिवस टिकत नाही, ते ताजेच लावावे लागते, म्हणून जून महिन्यात आमची गाडी जवळजवळ रोज घाट उतरते.

धंदा म्हणून हे सावकाशीचे काम आहे. अंजनाचे बी दर वर्षी भरघोस येत नाही आणि त्याचे सोटमूळ खोल जात असल्याने पिशवीही लांब लागते. गृहसंकुलांचे ग्राहक वर्षभरात कुंपण उंच व्हावे असे म्हणतात आणि कोनोकार्पस हे झपाट्याने वाढणारे परदेशी झाड मागतात. गुजरात शासनाने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, हे मी त्यांना सांगते आणि ते झाड देत नाही. काही ग्राहक परत जातात. शेताच्या बांधासाठी, शाळांसाठी आणि देवस्थानांच्या जमिनींसाठी मात्र आता मागणी येते, आणि रोपांचा एक हिस्सा आम्ही बी देणाऱ्या कुटुंबांना त्यांच्या बांधांवर लावण्यासाठी विनामूल्य देतो.

सगळे जुळून आले आहे असे नाही. पलीकडच्या एका फलियात बाहेरचा व्यापारी अजूनही फाल्गुनातच पोहोचतो आणि त्यांचा चार हिरवाच उतरतो. तेथील लोकांना आमची उचल पुरेशी वाटत नाही, आणि हिशेब मांडून पाहिला तर त्यांचे म्हणणे चूक नाही. या होळीच्या आधी रक्कम वाढवून काकींना सोबत घेऊन तिकडे बसायचे आहे.