इमारतींचा अल्बम: मॉन्टिसेलोचे पान भरले, लिंकन मेमोरियलचे अर्धे

अमेरिकी नाण्या-नोटांवरच्या इमारतींच्या या अल्बममध्ये पाच सेंटचे पान पूर्ण. पुढे जेफरसन, मागे त्याचे मॉन्टिसेलोचे घर ही फेलिक्स श्लागची रचना १९३८ची. २००४-०५मध्ये मागची चित्रे बदलली, २००६ला घर परतले. तेव्हापासून जेफरसन मात्र समोर पाहतो. म्हणून घर तेच असूनही चौकटी दोन. तिसरी युद्धकाळातल्या, ३५ टक्के चांदीच्या नाण्याची. इथे वजनकाटा उपयोगी नाही, दोन्ही प्रकार ५ ग्रॅमचेच. १९४२मध्ये तर दोन्ही धातूंची नाणी पडली. घुमटाच्या वर टाकसाळीचे मोठे अक्षर, पी, डी किंवा एस, दिसले की चांदीचे.

वेळ खरा लागतो तो पायऱ्यांना. घरासमोर सहा पायऱ्या आहेत. किमान पाच अखंड दिसल्या तरच नाणे ‘फुल स्टेप्स’, म्हणजे पूर्ण पायऱ्यांचे, ठरते. दहापट भिंग घ्या, दिवा एकच आणि बाजूने, अगदी खाली ठेवा. कडेने धरलेले नाणे हळूहळू फिरवले की प्रत्येक खाचेत सावली उतरते. मोजणी डावीकडून तिसऱ्या खांबाखाली सुरू करा, कारण रेषा बहुधा तिथेच बुजतात. तिथे जमले नाही तर पुढे मोजण्यात अर्थ नाही. आडवा ओरखडा दोन पायऱ्या जोडत असेल तर तेही नाणे बाद.

रेषा बुजण्याचे कारण धातूत आहे. ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेलचा हा मिश्रधातू कठीण. ठसा झिजलेला किंवा दाब कमी असला की तो खाचांत पूर्ण शिरत नाही. याला वापराची झीज समजू नका. झिजलेल्या नाण्यावर जेफरसनचा गालही मंद पडतो; छापच कच्ची असेल तर टाकसाळीची चमक शाबूत असते.

एक सेंटवर लिंकन मेमोरियल १९५९ ते २००८. रचना फ्रँक गॅस्पारोची. मधल्या खांबांत भिंग धरा, बसलेला लिंकन दिसेल. म्हणजे लिंकन दोन्ही बाजूंना! १९८२च्या नाण्यांना काटा हवाच: ३.११ ग्रॅम म्हणजे तांब्याचे, २.५ म्हणजे जस्तावर तांब्याचा मुलामा. मुलाम्याखाली फोड आले असतील तर ते नाणे पानात घेऊ नका, जस्त आतून कुजत जाते. १९९८, १९९९ आणि २०००च्या नाण्यांत ‘अमेरिका’तले ए आणि एम पायाशी जवळजवळ चिकटलेले असतात, त्यांच्यात स्पष्ट फट असेल तर ते दुर्मीळ, बाजूला काढा. १९९२ला उलट, तिथे चिकटलेली जोडी दुर्मीळ. पानावर याच चार चौकटी रिकाम्या आहेत.

पुठ्ठ्याच्या होल्डरमधून नाणे काढताना आधी सगळ्या पिना काढा. पिनेचा ओरखडा बरोबर पायऱ्यांवर जातो. मऊ पीव्हीसीची पाकिटे नकोतच, त्यांचा हिरवा चिकटा धातू खातो.

नोटांना आता हात लावला आहे. वीस डॉलरच्या १९३४ सी मालिकेत मागची चित्रे दोन आहेत: व्हाइट हाउस सज्जाशिवाय आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने बांधून घेतलेल्या सज्जासह. सज्जाबरोबर चित्राखालच्या नावात ‘द’ही आला, त्यामुळे दुरूनही ओळख पटते. शंभर डॉलरच्या २००९ मालिकेपासून फिलाडेल्फियाचा इंडिपेन्डन्स हॉल मागच्या बाजूने दिसतो. जुन्या दर्शनी चित्राची नोट शेजारीच लावायची आहे.