एमडी की डीओ?
अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची मूळ पदवी, आणि डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) हीसुद्धा पूर्ण डॉक्टरकीच: चार वर्षं, मग रेसिडेन्सी (रुग्णालयातलं प्रशिक्षण), आणि औषधं लिहिण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत एमडीइतकेच अधिकार. वेगळं काय, तर हातांनी सांधे-स्नायू तपासून उपचार करण्याचे सुमारे २०० तास जादा. अँड्र्यू स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं, तेव्हापासूनचा हा वारसा.

खरी गोम परीक्षांत आहे. डीओवाल्यांना कॉमलेक्स ही त्यांची परवाना परीक्षा सक्तीची. २०२० पासून एमडी-डीओ दोन्हींच्या रेसिडेन्सीची मान्यता एकत्र झाली, तरी काही प्रोग्राम यूएसएमएलईचेच, म्हणजे एमडीवाल्यांच्या परवाना परीक्षेचेच गुण मागतात. यूएसएमएलईचा पहिला टप्पा, स्टेप १, आता नुसता पास-नापास, म्हणून सगळा भार स्टेप २ वर. चुरशीची शाखा हवी असेल तर दोन्ही परीक्षांची फी आणि अभ्यास आधीच हिशेबात धरा.

ब्रिटनमधला ‘ऑस्टिओपॅथ’ मात्र डॉक्टर नसतो. तिथे गल्लत नको.