फोन नसलेलं खातं: उशिरा आलेल्या बॅगेची भरपाई मिळवताना

विमान कंपनीत ज्याच्याशी आपल्याला बोलता येतं त्याच्या हातात काही नसतं, आणि ज्याच्या हातात सगळं असतं त्याच्याशी बोलता येत नाही. चेक-इन केलेली बॅग वेळेवर न आल्याच्या भरपाईसाठी मी जो काही पाठपुरावा केला, त्याचा अर्क एवढाच. प्रवास आंतरराष्ट्रीय, तिकीट एकच, पण विमानं दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. पहिलं विमान उशिरा पोचलं, मी धापा टाकत दुसरं गाठलं. बॅगेला ते जमलं नाही.

इथपर्यंत माझी कोणाबद्दल तक्रार नाही. विमानतळावरच्या बॅगेज काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामान न मिळाल्याचा अहवाल, नीट भरून मिळाला. त्यावर दहा अक्षर-अंकांचा फाइल नंबर असतो: आधी तीन अक्षरं विमानतळाची, मग दोन विमान कंपनीची, पुढे पाच आकडे. जगभरातल्या शेकडो कंपन्या वर्ल्डट्रेसर नावाच्या एकाच प्रणालीत बॅगा शोधतात, आणि हा नंबर तिथला. ही चिठ्ठी आणि बोर्डिंग पासमागे चिकटवलेला बॅगेचा टॅग, दोन्ही जपून ठेवले. पुढे प्रत्येकाने आधी तेच मागितलं.

मग कॉल सेंटर.

"मॅडम, तुमची बॅग ट्रेसिंगमध्ये आहे."

"म्हणजे नक्की कुठे आहे?"

"ट्रेसिंगमध्ये."

"बरं. तोवर मला कपडे आणि बूट विकत घ्यावे लागणार. त्याचे पैसे मिळतील ना?"

"पावत्या अपलोड करा. क्लेम्स डिपार्टमेंट बघून ठरवेल."

"मग त्यांनाच जोडून द्या."

"त्यांना फोन नाही, मॅडम."

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नव्हता. तो समोरच्या स्क्रीनवरचं वाचत होता आणि त्या स्क्रीनवर माझ्याइतकीच माहिती होती. या सगळ्या प्रकरणात माझ्याशी एकही माणूस उर्मटपणे बोलला नाही, हे मुद्दाम सांगते. दिलगिरी व्यक्त करायचं प्रशिक्षण सगळ्यांना दिलेलं होतं, निर्णय घ्यायचा अधिकार कोणालाच नव्हता. ही व्यवस्था ढिसाळ आहे असं आपल्याला वाटतं. मला तर ती चांगली विचारपूर्वक उभारलेली वाटली. प्रत्येक टप्प्यावर थोडे लोक कंटाळून नाद सोडतात, आणि तेवढे पैसे वाचतात.

ऑनलाइन फॉर्म हा त्याचा उत्तम नमुना. फाइल एकच जोडता येत होती, म्हणून सगळ्या पावत्या एकत्र करून पीडीएफ केली, तर तिचा आकार जास्त निघाला. तो कमी करेपर्यंत पान बंद पडलं. पुन्हा सगळं भरलं, तर 'बॅग परत मिळाल्याची तारीख' हा रकाना अनिवार्य! बॅग मिळालेलीच नाही, तर तारीख कुठून आणू? विचारलं, तर उत्तर आलं की बॅग मिळाल्यावर फॉर्म भरा. आणि त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं, की मुदतीनंतर आलेल्या दाव्यांचा विचार होणार नाही.

तेव्हा मी कंपनीची पॉलिसी वाचायची सोडून ती पॉलिसी ज्याच्याखाली येते तो करार वाचायला घेतला. 1999 चा माँट्रियल करार, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा. भाषा कायद्याची असली तरी सामानाबद्दलची कलमं मोजकी आहेत. बॅग खराब होऊन आली तर मिळाल्यापासून 7 दिवसांत, उशिरा आली तर ताब्यात मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार करायची. यायला हवी होती त्या दिवसापासून 21 दिवसांत आलीच नाही, तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. भरपाईची कमाल मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून माणशी 1,519 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. प्रत्यक्ष नुकसान दाखवावं लागतं. उशीर टाळण्यासाठी शक्य ते सगळं केलं असं कंपनीने सिद्ध केलं, तर ती सुटूही शकते. पण ते सिद्ध करायचं काम तिचं, माझं नाही.

दरम्यान बॅग आली. घरपोच, पण हँडल मोडलेलं. फोटो काढून त्याच दिवशी हँडलची वेगळी लेखी तक्रार पाठवली, कारण तिची 7 दिवसांची मुदत वेगळी चालते. फॉर्मला आता तारीखही मिळाली. शिवाय तोच मजकूर ईमेलनेही पाठवून पोच मागून घेतली.

यानंतर टोलवाटोलवी सुरू झाली. दुसरी कंपनी म्हणाली, उशीर पहिलीमुळे झाला, त्यांना विचारा. पहिली म्हणाली, सामानाचं शेवटची कंपनी बघते. दोघींनी आपापली केस 'निकाली' काढून टाकली आणि उत्तर देता येणार नाही अशा पत्त्यावरून तसं कळवलं. पुन्हा लिहिलं की नवा केस नंबर, नवा माणूस, आणि पहिल्यापासून सगळी कथा. अखेरीस दुसऱ्या कंपनीने एक व्हाउचर देऊ केलं, पुढच्या प्रवासात वापरण्यासाठी, आणि सोबत 'यापुढे कोणताही दावा राहणार नाही' असं मान्य करायची अट. बूट आमच्या पॉलिसीनुसार अत्यावश्यक वस्तूंत बसत नाहीत, असंही कळवलं. अनवाणी फिरायचं होतं की काय, ते पॉलिसीत नसावं.

व्हाउचर नाकारलं आणि एक पानाचं पत्र लिहिलं. राग, त्रास, मनस्ताप यातलं काही त्यात घातलं नाही. तारखा, फाइल नंबर, पावत्यांची बेरीज आणि कलमं. कलम 19, उशिराची जबाबदारी. कलम 36, एकामागून एक कंपन्या असतील तर सामानासाठी प्रवासी पहिलीकडे, शेवटचीकडे किंवा जिच्याकडे प्रकार घडला तिच्याकडे दावा करू शकतो. आणि कलम 26: जबाबदारी टाळणारी किंवा करारापेक्षा कमी मर्यादा ठरवणारी कोणतीही अट रद्दबातल. हे पत्र तक्रार विभागाला नाही, तर कंपनीच्या वाहतूक अटींमध्ये कायदेशीर पत्रव्यवहारासाठी दिलेल्या पत्त्यावर, पोचपावतीसह पाठवलं.

यावेळी उत्तर माणसाने लिहिलेलं होतं, खाली नाव-हुद्द्यासकट. बँकेचे तपशील मागितले आणि कपड्यांचे व हँडल दुरुस्तीचे पूर्ण पैसे जमा झाले. बुटांचे निम्मेच दिले, कारण बूट पुढेही वापरता येतात म्हणे. ते वापरतेही आहे. उरलेल्या निम्म्यासाठी न्यायालयात जायला करारात पोचल्याच्या तारखेपासून दोन वर्षं आहेत, पण मी जाणार नाही. हिशेब करून पाहिला, वकिलाच्या फीत बुटांचे अनेक जोड येतात, आणि हा हिशेब त्यांनीही केलेला असणार.