सात माणसांचा बोया

नोव्हेंबरातली सकाळ, सव्वासात वाजलेले. वर्सोव्यातल्या एका इमारतीच्या गच्चीवर ताडपत्रीच्या आडोशाला मी लॅपटॉप उघडून बसले होते. फोनवर माझा सहकारी, किनाऱ्यापासून आठ किलोमीटरवर, चाचणीसाठी भाड्याने घेतलेल्या कोळ्यांच्या होडीत. "डोलीच्या जाळ्यापाशी पोचलो. इंजिन बंद केलंय, चहा चाललाय," असं तो म्हणाला आणि त्याच वेळी माझ्या पडद्यावर त्याच्या होडीभोवतीची चौकट निळी झाली. शेजारी अक्षरं आली: बोया, ९१ टक्के. म्हणजे पाण्यावरचा नुसता खुणेचा तरंगा.

होडीत सात माणसं होती.

आमचं काम असं: रडार आणि उष्णता टिपणारा इन्फ्रारेड कॅमेरा, दोघांची माहिती जुळवून समुद्रावरची वस्तू काय आहे ते यंत्राने आपोआप ओळखायचं. मोठं जहाज, ट्रॉलर, स्पीडबोट, छोटी होडी, बोया अशी पाच नावं. मोठ्या जहाजांचं अवघड नसतं. परदेशी फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना एआयएस, म्हणजे ओळख आणि ठिकाण रेडिओवरून आपोआप कळवणारं यंत्र, सक्तीचं आहे; ती आपली ओळख आपणच सांगत असतात. लाकडाची किंवा फायबरची होडी काही सांगत नाही. रडारच्या लहरीही तिच्यावरून धड परतत नाहीत, परततात त्या बऱ्याचशा इंजिनाच्या लोखंडावरून. २६ नोव्हेंबर २००८ ला हल्लेखोर बळकावलेल्या मासेमारी नौकेतून मुंबईजवळ आले, तेव्हापासून या किनाऱ्यावर लहान होडी ओळखण्याला किती वजन आलं, ते इथल्या कुणालाही सांगायला नको. पण मला त्या सकाळी भीती वाटली ती उलट्या बाजूची. बंदराकडे येणाऱ्या जहाजाला कुणी सांगितलं की पुढे नुसता बोया आहे, तर?

आधी संशय कॅमेऱ्यावर गेला. रात्रभर थंड झालेली होडी ऊन लागलं की तापू लागते आणि सूर्योदयानंतर काही वेळ तिचं तापमान आणि पाण्याचं तापमान जवळपास एक होतं. तेवढा वेळ इन्फ्रारेड चित्रात होडी पाण्यात विरघळून जाते. त्यात आठ किलोमीटरवरून ती म्हणजे जेमतेम दहा-बारा ठिपके. माणसं काठाच्या आड बसलेली. समजण्यासारखं होतं. पण मग रडारने सावरायला हवं होतं, दोन सेन्सर ठेवायचे ते त्यासाठीच. रडारही म्हणत होतं, बोया.

पंधरा मिनिटं मी नुसते आकडे बघत होते. मग लक्षात आलं. दोन्ही सेन्सरांची मतं आम्ही स्वतंत्र धरून गुणत होतो, दोघं एकच बोलले की खात्री वाढणार. पण इंजिन बंद झालं तेव्हा वेग गेला आणि उष्णताही गेली. एकाच कारणाने दोन्ही साक्षीदार एकदम चुकले, आणि आमचं गणित म्हणत होतं, दोघं म्हणतात म्हणजे खरंच. शिवाय पाच नावांच्या टक्क्यांची बेरीज शंभर करायचीच होती. "कळत नाही" म्हणायला आम्ही यंत्राला जागाच ठेवली नव्हती. ही चूक यंत्राची नव्हती, माझी होती.

मी सहकाऱ्याला म्हटलं, "अरे, तुम्ही इथे बोया दिसताय." त्याने ते होडीच्या प्रमुखांना, तांडेलकाकांना सांगितलं. पलीकडे क्षणभर कुणीच बोललं नाही. मग काकांनी फोन हातात घेतला.

"बोया पाण्याबरोबर जातो, पोरी. होडी वाऱ्याचंबी ऐकते. थोडं थांब, पाणी थांबलं की जालं उचलू, तेव्हा बघ."

डोलीचं तोंड पाण्याच्या ओढीकडे असतं. भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, जवळा आत जातो आणि ओढ मंदावली की जाळं उचलतात. तोवर होडी बांधून ठेवायची. म्हणजे आमच्या यंत्राला जी होडी निपचित वाटत होती, ती पाण्याची वाट बघत होती. पावणेआठच्या सुमाराला सहकारी म्हणाला, "चौघं एका अंगाला वाकलेत." पडद्यावर तोवर सरळ चाललेली रडारच्या प्रतिध्वनीची रेघ डोलायला लागली. प्रत्येक ओढीला एक उंचवटा, मग खोलगा, मग पुन्हा उंचवटा. सहकारी तिकडून "हं... हं..." करत खलाशांच्या ओढी मोजत होता आणि इथे उंचवटे त्याच्या आवाजाबरोबर येत होते. मी उभी राहिले. असं काही मी आधी पाहिलं नव्हतं.

पुढचे दोन महिने आम्ही काय बदललं ते थोडक्यात: भरती-ओहोटीचं कोष्टक आणि वाऱ्याची दिशा यंत्राला दिली, एका क्षणाऐवजी वीस मिनिटांचं वागणं पाहायला लावलं आणि "अनोळखी" हे सहावं नाव ठेवलं.

खरं काम मात्र जुन्या नोंदींचं होतं. यंत्राला शिकवताना "बोया" अशी चिठ्ठी आम्हीच, वातानुकूलित खोलीत बसून, चित्रं बघून लावली होती. त्या सगळ्या नोंदी मी पुन्हा उघडल्या. पहिलीच नोंद सकाळी सहा बावन्नची. चिठ्ठी बोयाची, अक्षर माझं. आम्ही तुकडा जिथे कापला होता, त्याच्या पुढचा माग मी पहिल्यांदाच लावून पाहिला. चाळीस मिनिटांनी तो बोया जागचा हलला आणि पाच नॉटच्या वेगाने वर्सोव्याच्या खाडीकडे निघाला.