अत्यावश्यक कामांची यादी करताना आधी घड्याळ समोर ठेवा

गेले काही महिने मी एकाच विषयावरच्या मीटिंगा करतोय. उद्या ऑफिसची इमारत वापरता आली नाही, सर्व्हर गेले, निम्मा स्टाफ पोचूच शकला नाही, तर कुठली सरकारी कामं काही झालं तरी चालू राहिली पाहिजेत? आणि दर वेळी तेच होतं, प्रत्येक विभाग म्हणतो आमचं सगळंच अत्यावश्यक. मला त्यांचा राग येत नाही, वीस-वीस वर्षं ज्या कामात घातली ते काम "नंतर बघू"च्या रकान्यात टाका म्हटलं की कुणालाही लागणारच. जन्म-मृत्यू नोंदणीच्या एक मॅडम तर त्या दिवशी पुढे काही बोलल्याच नाहीत.

मला वाटतं आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. "हे काम महत्त्वाचं आहे का" असं विचारलं की उत्तर हो असंच येणार. विचारायचं असं की हे बंद पडलं तर किती वेळाने, कुणाचं, काय बिघडेल. अ‍ॅम्ब्युलन्सचा फोन उचलणारी कंट्रोल रूम बंद पडली तर मिनिटांत जीव जातो, पिण्याच्या पाण्याचं शुद्धीकरण थांबलं तर काही तासांत बोंब होते, बांधकाम परवाने महिनाभर थांबले तर लोक वैतागतील पण तगतील. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या प्लॅनिंगमध्ये सगळ्यात वरच्या कामांसाठी आकडाच ठरवलाय, १२ तासांच्या आत परत सुरू झाली पाहिजेत आणि ३० दिवसांपर्यंत चालवता आली पाहिजेत. असा आकडा मला फार कामाचा वाटतो, कारण १२ तास लिहिलं की लगेच पुढचं लिहावं लागतं, कुठे बसून करणार, कोण करणार, जनरेटर किती वेळ चालेल, डिझेल कोण आणणार. नुसतं "उच्च प्राधान्य" लिहून यातलं काहीच ठरत नाही.

अजून एक, तारीख. पेन्शनचं काम महिन्याच्या १० तारखेला बंद पडलं तर चार दिवस कुणाला कळणार पण नाही, तेच ३० तारखेला पडलं तर म्हाताऱ्या माणसांच्या औषधांवर येतं. म्हणजे एकच काम कधी खाली असतं कधी वर, आणि आपल्या याद्यांमध्ये त्यासाठी रकानाच नसतो.

आणि काम ज्याच्यावर उभं आहे ते बघायचं तर राहूनच जातं. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, लिथियम बॅटऱ्यांमधून, आणि ७०९ सरकारी सिस्टीम एकदम बंद झाल्या, टपालाचं बँकिंग धरून. कर्मचारी ज्या ऑनलाइन ड्राइव्हवर फाइली ठेवायचे त्याचा तर बाहेर कुठे बॅकअपच नव्हता. फाइली ठेवायची जागा कुणाच्याही अत्यावश्यक यादीत येत नाही हो, ते "काम" वाटतच नाही, पण तीच गेली की वरचं सगळं बसतं.

जपानचं उदाहरण मी हल्ली प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत ओत्सुची गावचे महापौर आणि कर्मचारी मिळून सुमारे ४० जण गेले, आणि नवे महापौर निवडून यायला ऑगस्ट उजाडला. म्हणून प्रत्येक कामापुढे सही करू शकणारा दुसरा आणि तिसरा माणूस नावानिशी लिहिलाच पाहिजे, आणि तिघं एकाच इमारतीत बसणारे नकोत. त्याच त्सुनामीत ओत्सुचीसकट चार गावांची कुटुंब नोंदणीची, म्हणजे जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींची, मूळ दफ्तरं वाहून गेली, पण त्यांची प्रत न्याय खात्याच्या स्थानिक ऑफिसात ठेवलेली होती म्हणून ती परत उभी करता आली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की काम आणि त्याचं दफ्तर या दोन वेगळ्या ओळी आहेत. नोंदणीची खिडकी महिनाभर बंद राहिली तर चालेल पण दफ्तर एक दिवससुद्धा प्रतीशिवाय राहता कामा नये.

हे मी त्या मॅडमना जाऊन सांगितलं, म्हटलं तुमचं दफ्तर यादीत सगळ्यात वर घेतोय. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "खिडकीचं पण परत बघा. मोठी आपत्ती आली की आधी मृत्यूच्याच नोंदी वाढतात, आणि दाखला नसेल तर मागे राहिलेल्या बाईला ना विमा मिळतो ना नवऱ्याच्या खात्यातले पैसे." मी खिडकीपुढे ३० दिवस लिहिले होते. ते खोडून ३ केले, आणि आता बाकीच्या विभागांकडे परत जायचंय, या वेळी आकडा आधी त्यांनाच विचारणार आहे.